खासगी हक्क, सार्वजनिक बळ : बौद्धिक संपदा कायद्यांच्या कठोर अंमलबजावणीला असलेल्या उद्योगसमर्थनाची चिकित्सा

प्रास्ताविक

बौद्धिक संपदा हक्कांचे कायदे अधिक कडक करावेत, त्यांच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र शासकीय यंत्रणा उभारावी आणि उल्लंघन करणाऱ्यास तुरुंगवासाची शिक्षा व्हावी, ही मागणी मोठ्या उद्योगांच्या संघटना गेली चार दशके सातत्याने करीत आल्या आहेत. मागणीच्या समर्थनाची भाषाही ठरून गेली आहे. चाचेगिरीमुळे अमुक इतक्या कोटींचे नुकसान होते, तमुक लाख लोकांचा रोजगार बुडतो, आणि या प्रश्नावर सर्व उद्योगजगताचे एकमत आहे, असे सांगितले जाते. वाणिज्य आणि विधी शाखांच्या अभ्यासक्रमांत बौद्धिक संपदा हक्क या विषयाचा समावेश झाल्यापासून हीच विधाने पाठ्यपुस्तकांत आणि चर्चासत्रांच्या शोधनिबंधांतही उतरू लागली. त्यांची शहानिशा मात्र क्वचितच झाली.

मराठी वाचकाला हा विषय अपरिचित नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांत डंकेल प्रस्तावावरून महाराष्ट्रात मोठी वैचारिक घुसळण झाली होती. शरद जोशी यांच्यासारखा शेतकरी नेता प्रस्तावाच्या बाजूने उभा राहिला, तर अनेक डाव्या आणि स्वदेशीवादी गटांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या वादात बियाणे आणि औषधे यांच्या पेटंटांची चर्चा भरपूर झाली. हक्क मान्य झाल्यानंतर ते राबविण्यासाठी पोलीस, सीमाशुल्क अधिकारी आणि सरकारी वकील यांचा वापर कोणी, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या सांगण्यावरून करावयाचा, हा प्रश्न त्या वेळी बाजूलाच राहिला. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाच्या अंगाने उद्योगसमर्थनाची चिकित्सा केली आहे. लेखकाला किंवा संशोधकाला हक्क असू नये, असा तिचा रोख नाही.

ट्रिप्स कराराच्या उद्देशिकेत बौद्धिक संपदा हक्क हे खासगी हक्क आहेत, अशी स्पष्ट नोंद आहे. पुढील विवेचनात ही नोंद सतत ध्यानात ठेवावी लागेल.

मागणीचा उगम

ट्रिप्स कराराचा इतिहास आता बऱ्यापैकी उजेडात आला आहे. सुझन सेल यांच्या २००३ मधील 'प्रायव्हेट पॉवर, पब्लिक लॉ' या ग्रंथात, तसेच पीटर ड्रॅहोस व जॉन ब्रेथवेट यांच्या २००२ मधील 'इन्फर्मेशन फ्यूडॅलिझम' या ग्रंथात त्याची तपशीलवार मांडणी आहे. फायझर कंपनीचे प्रमुख एडमंड प्रॅट आणि आयबीएमचे जॉन ओपेल यांच्या पुढाकाराने मार्च १९८६ मध्ये 'इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी कमिटी' स्थापन झाली. तिचे सदस्य म्हणजे अमेरिकेतील अवघ्या बारा-तेरा कंपन्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गॅटची उरुग्वे फेरी सुरू झाली. १९८८ मध्ये या समितीने युरोप आणि जपानमधील उद्योगसंघटनांसह एक संयुक्त आराखडा प्रसिद्ध केला आणि पुढील कराराची बरीचशी रूपरेषा त्यातून आली. अमेरिकी अध्यक्षांना व्यापारी वाटाघाटींबाबत सल्ला देणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही प्रॅट यांच्याकडेच होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मागणी करणारा आणि सल्ला देणारा एकच होता.

या घटनाक्रमातील एक योगायोग बोलका आहे. अमेरिकेने १८९१ पर्यंत परदेशी लेखकांना कॉपीराइटचे संरक्षणच दिले नव्हते. डिकन्सच्या कादंबऱ्या अमेरिकी प्रकाशक त्याला न विचारता छापीत असत आणि हा तेथील राजरोस व्यवसाय होता. १८९१ च्या कायद्याने संरक्षण दिले तेही पुस्तक अमेरिकेतच छापले पाहिजे या अटीवर. मुद्रण व्यवसायाच्या हितासाठी घातलेली ही अट सौम्य होत गेली, तरी पूर्णपणे संपुष्टात यायला १९८६ चा मध्य उजाडावा लागला. ज्या वर्षी अमेरिकी कंपन्यांनी जगाला बौद्धिक संपदेचे धडे द्यावयास आरंभ केला, त्याच वर्षी अमेरिकेने स्वतःचा हा शेवटचा अपवाद मोडीत काढला. यात केवळ दांभिकता पाहणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. कडक अंमलबजावणी हवी की नको, हे त्या त्या वेळी उद्योग कोणत्या बाजूला उभा आहे यावर ठरते, असे हा इतिहास दाखवितो.

भारतातील संगीत व्यवसायातही हेच घडले. १९८० च्या दशकात टी-सीरिजचा विस्तार मोठ्या प्रमाणात जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजांतील आवृत्त्यांवर झाला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील एका तरतुदीचा आधार त्यासाठी घेतला गेला, आणि पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' या १९९३ च्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. पुढे हीच कंपनी हक्कांच्या संरक्षणासाठी न्यायालयात सर्वाधिक तत्परतेने जाणाऱ्यांपैकी एक झाली. मायस्पेस या संकेतस्थळाविरुद्धचा तिचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात २०१६ पर्यंत चालला. अपवादाच्या आधाराने वाढलेला व्यवसाय मोठा झाल्यावर अपवादांकडे संशयाने पाहू लागला.

एका आकड्याचे आयुष्य

कडक अंमलबजावणीच्या समर्थनात आकड्यांना मध्यवर्ती स्थान असते. अमेरिकेत २००८ मध्ये संमत झालेला, 'प्रो-आयपी' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा कायदा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. अमेरिकी चेंबर ऑफ कॉमर्स, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण उद्योगांच्या संघटना यांचा त्याला भक्कम पाठिंबा होता. १३ ऑक्टोबर २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली. त्यानुसार अध्यक्षांच्या कार्यालयात अंमलबजावणीसाठी एक समन्वयक नेमला गेला आणि नकली व्यापारचिन्हांसाठीची कायद्याने ठरविलेली भरपाई दुप्पट करण्यात आली.

चाचेगिरी आणि नकली मालामुळे अमेरिकेचे दरवर्षी २०० ते २५० अब्ज डॉलरांचे नुकसान होते आणि ७,५०,००० रोजगार बुडाले आहेत, हे आकडे त्या काळात भाषणांत, निवेदनांत आणि वृत्तपत्रांत सर्वत्र फिरत होते. याच कायद्याने अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाला या नुकसानीच्या मोजमापाचा अभ्यास करण्यास सांगितले. कायदा आधी आणि मोजमाप नंतर, हा क्रमच पुष्कळ काही सांगून जातो. एप्रिल २०१० मध्ये त्या कार्यालयाने अहवाल दिला. अब्जावधी डॉलरांच्या आकड्याचा उगम किंवा त्यामागील पद्धत यांची कोणतीही नोंद आपल्याकडे नाही, असे एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. रोजगाराचा आकडा सीमाशुल्क विभागाच्या २००२ मधील एका प्रसिद्धिपत्रकात होता. त्याचा उगम अनिश्चित असून विभाग तो आता वापरीत नाही, असे तेथील अधिकाऱ्याने स्पष्ट केले. अहवालाने समस्या नाकारली नाही. ती मोठी आहे, परंतु तिचे नेमके मोजमाप अवघड आहे, असे त्याचे म्हणणे होते. तोवर कायदा होऊन दीड वर्ष उलटले होते.

महाविद्यालयांशी थेट संबंध असलेले उदाहरण आणखी उद्बोधक आहे. अमेरिकी चित्रपट उद्योगाच्या संघटनेने २००५ मध्ये करवून घेतलेल्या अभ्यासात, देशांतर्गत चाचेगिरीच्या नुकसानीपैकी ४४ टक्के वाटा विद्यापीठ-परिसरांतील विद्यार्थ्यांचा असल्याचे म्हटले होते. जानेवारी २००८ मध्ये संघटनेनेच ही चूक मान्य करून आकडा सुमारे १५ टक्क्यांवर आणला. तरीही ऑगस्ट २००८ मध्ये झालेल्या उच्च शिक्षणविषयक कायद्यात, विद्यापीठांनी आपल्या संगणकजालावरील चाचेगिरी रोखण्याच्या योजना आखाव्यात, ही तरतूद कायम राहिली. आकडा गळून पडला, त्याच्या आधारे मागितलेले बंधन मात्र टिकले.

अशा आकड्यांत एक मूलभूत तार्किक दोष असतो. फुकट पाहिलेला प्रत्येक चित्रपट हे बुडालेले तिकीट मानले जाते. ज्याने शंभर रुपयांचे तिकीट कधीच काढले नसते, त्याचेही शंभर रुपये नुकसानीच्या खात्यात जमा होतात. शिवाय त्या माणसाने वाचलेला पैसा अन्यत्र खर्च केला असेल तर तो दुसऱ्या एखाद्या उद्योगाच्या जमेत दिसतो. राष्ट्रीय नुकसानीच्या हिशेबात त्याची दखलच घेतली जात नाही. भारतीय चित्रपट उद्योगाचे चाचेगिरीमुळे वर्षाला २०,००० कोटी रुपयांपर्यंत नुकसान होते, असा आकडा २०२३ मध्ये शासकीय स्तरावरूनही मांडला गेला. तो कसा काढला, कोणत्या गृहीतकांवर काढला, हे विचारणारे वाणिज्य आणि अर्थशास्त्र विभाग आपल्याकडे असावयास हवे होते.

'उद्योगजगत' हा एकवचनी कर्ता

सप्टेंबर २०११ मध्ये साडेतीनशेहून अधिक कंपन्या आणि संघटनांच्या सह्यांचे एक पत्र अमेरिकी चेंबर ऑफ कॉमर्सने संसदसदस्यांना पाठविले. चाचेगिरी करणाऱ्या परदेशी संकेतस्थळांविरुद्ध कडक कायदा करावा, ही त्यातील मागणी होती. सौंदर्यप्रसाधनांपासून क्रीडासंघटनांपर्यंत सर्वांचे एकमत आहे, असे चित्र उभे राहिले. पुढील महिन्यात 'सोपा' या नावाने ओळखले गेलेले विधेयक प्रतिनिधिगृहात मांडले गेले. १६ नोव्हेंबर २०११ रोजीच्या सुनावणीत सहा साक्षीदार बोलाविले गेले. त्यांपैकी विरोधात बोलणारा प्रतिनिधी एकट्या गूगलचा होता.

परंतु एकमताचा हा देखावा काही आठवड्यांतच विरला. याहू कंपनी चेंबरमधून बाहेर पडली. गूगल, फेसबुक, ट्विटर, ईबे, मोझिला आदी नऊ कंपन्यांनी विरोधाचे संयुक्त पत्र दिले. सॉफ्टवेअर चाचेगिरीविरुद्ध अनेक वर्षे आघाडीवर असलेल्या बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सनेही नोव्हेंबरमध्ये आपला पाठिंबा आवरता घेतला. गो-डॅडी या कंपनीने ग्राहकांच्या रोषामुळे डिसेंबरमध्ये माघार घेतली. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया दिवसभर बंद राहिला आणि दोनच दिवसांनी विधेयके बाजूला ठेवली गेली. त्याच वर्षी ४ जुलै रोजी युरोपीय संसदेने 'ॲक्टा' हा नकली मालविरोधी करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला.

या विरोधकांना लोकहिताचे कैवारी समजण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या आशयाच्या वाहतुकीवर त्यांचा नफा अवलंबून होता, आणि विधेयकामुळे देखरेखीचा खर्च त्यांच्यावर पडणार होता. आशय ज्याच्या मालकीचा त्याला कडक कायदा हवा, आशय जो वाहून नेतो त्याला सैल कायदा हवा, इतका हा साधा व्यवहार होता. भारतातही औषध उद्योगाच्या दोन प्रमुख संघटना मुंबईतच आहेत. त्यांपैकी देशी उत्पादकांच्या संघटनेने उत्पादन-पेटंटला दीर्घकाळ विरोध केला, तर बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या संघटनेने त्याचा पाठपुरावा केला. एकाच शहरात, एकाच व्यवसायात असे परस्परविरुद्ध हितसंबंध नांदत असताना 'उद्योगांची मागणी' हा शब्दप्रयोग अभ्यासकाने जपूनच वापरला पाहिजे.

खर्च कोणाचा ?

प्रो-आयपी कायद्याच्या मसुद्यातील एका कलमाचा इतिहास प्रस्तुत चर्चेत सर्वाधिक महत्त्वाचा आहे. सरकारी वकिलांनी कॉपीराइटधारकांच्या वतीने दिवाणी दावे दाखल करावेत आणि मिळालेली भरपाई त्या धारकांना द्यावी, अशी त्यात तरतूद होती. न्याय विभाग आणि वाणिज्य विभाग यांनी २३ सप्टेंबर २००८ रोजी संसदेला पत्र लिहून तिला विरोध केला. ज्या कंपन्यांना स्वतःचे वकील सहज परवडतात त्यांच्यासाठी करदात्यांच्या पैशाने सरकारी वकील राबतील, असा त्या आक्षेपाचा आशय होता. हा आक्षेप उद्योगविरोधी चळवळीकडून आलेला नव्हता; बुश प्रशासनाने तो घेतला होता. कलम वगळले गेले आणि उरलेला कायदा संमत झाला.

खासगी हक्काचा भंग झाला तर हक्कधारकाने स्वखर्चाने दिवाणी न्यायालयात जावे, ही जुनी रीत. फौजदारी कायद्यात मात्र फिर्यादीचा भार राज्यसंस्था उचलते. बौद्धिक संपदेचे उल्लंघन दिवाणी कक्षेतून फौजदारी कक्षेत नेण्याची मागणी म्हणजे, अन्य काही असण्याबरोबरच, खर्च एका खिशातून दुसऱ्या खिशात हलविण्याची मागणी असते. ट्रिप्सच्या वाटाघाटींत विकसनशील देशांनी हे ओळखले होते. म्हणूनच कराराच्या कलम ४१ च्या पाचव्या परिच्छेदात, बौद्धिक संपदेसाठी वेगळी न्यायव्यवस्था उभारण्याचे किंवा कायद्याच्या सर्वसाधारण अंमलबजावणीतील साधनसामग्री तिकडे वळविण्याचे बंधन देशांवर नाही, असे नमूद आहे. चीनविरुद्ध अमेरिकेने २००७ मध्ये दाखल केलेल्या तक्रारीत, 'व्यापारी प्रमाण' म्हणजे काय हा मुद्दा निर्णायक ठरला. ते त्या त्या वस्तूच्या आणि बाजारपेठेच्या संदर्भात ठरवावे लागते आणि चीनची फौजदारी मर्यादा कराराशी विसंगत असल्याचे अमेरिका सिद्ध करू शकली नाही, असा निष्कर्ष जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने जानेवारी २००९ मध्ये काढला. करारातून जे मिळाले नाही ते पुढे द्विपक्षीय करारांतून, तसेच अमेरिकी व्यापार प्रतिनिधीच्या वार्षिक 'स्पेशल ३०१' अहवालाच्या दबावातून मिळविण्याचे प्रयत्न झाले. या अहवालाच्या विशेष लक्ष ठेवण्याच्या यादीत भारताचे नाव अनेक वर्षे सातत्याने येत आहे.

नकली, चोरटे आणि जेनेरिक

अमेरिकी चेंबरने उभारलेल्या आघाडीच्या नावातच 'नकली माल आणि चाचेगिरी' असे दोन शब्द जोडलेले होते. ही जोडणी वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. परंतु विमानाचा बनावट सुटा भाग किंवा खडूची भुकटी भरलेली गोळी आणि उतरवून घेतलेले गाणे यांना एकाच पिशवीत घातले की, पहिल्याचे भय दुसऱ्याच्या शिक्षेला पुरविता येते. 'सोपा'च्या सुनावणीत चित्रपट उद्योगाच्या शेजारी फायझरचा प्रतिनिधी बसविण्यामागे हेच तर्कशास्त्र होते.

भारताला याचा फटका प्रत्यक्ष बसला आहे. डिसेंबर २००८ मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीचे लोसार्टन या रक्तदाबावरील औषधाचे सुमारे ५७० किलो द्रव्य भारतातून ब्राझीलला जात असताना ॲम्स्टरडॅमच्या विमानतळावर अडविले गेले. भारतात किंवा ब्राझीलमध्ये त्यावर पेटंट नव्हते. ते केवळ वाटेवरच्या नेदरलँड्समध्ये होते. औषध नकली नव्हते, कमअस्सलही नव्हते. युरोपीय समुदायाच्या २००३ च्या सीमाशुल्क नियमावलीनुसार हक्कधारकाने अर्ज केला की माल रोखता येत असे, आणि त्या अर्जाला शुल्कही नव्हते. सुमारे महिनाभर अडकून पडल्यावर माल भारतात परत आला. मे २०१० मध्ये भारत आणि ब्राझील यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे स्वतंत्र तक्रारी दाखल केल्या. पुढे २०११ मध्ये भारत आणि युरोपीय संघ यांच्यात याबाबत समझोता झाला. केनियातील उच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये तेथील नकली मालविरोधी कायद्याची काही कलमे जेनेरिक औषधांच्या बाबतीत रद्द ठरविली. 'नकली' या शब्दाची व्याख्या सैल असल्याने एड्सग्रस्तांना मिळणारी स्वस्त, वैध औषधे त्यात ओढली जातील, असा धोका तेथे मान्य झाला. अशी औषधे मोठ्या प्रमाणात भारतातून जातात, हे सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्रात १९८१ साली एक प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा झाला. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार यांच्यासाठी तो होता. २००९ मध्ये त्यात 'व्हिडिओ पायरेट्स' हा वर्ग जोडण्यात आला. तामिळनाडूने तत्पूर्वी, २००४ मध्ये, असाच बदल केला होता. या कायद्यान्वये खटला न चालविता एखाद्या व्यक्तीस बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. सार्वजनिक सुव्यवस्थेला तातडीचा धोका असेल तेव्हाच वापरावयाचे हे हत्यार एका व्यवसायाच्या महसुलाच्या रक्षणासाठी दिले गेले. चित्रपटाची चोरटी प्रत विकणे हा गुन्हा आहेच आणि त्यासाठी कॉपीराइट कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद पूर्वीपासून आहे. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी टाळून माणसाला आत ठेवण्याची मुभा का हवी, याचे समाधानकारक उत्तर या बदलाच्या समर्थनात आढळत नाही.

हाच उद्योग दुसऱ्या प्रसंगी कसा वागला, हे पाहणे उपयुक्त ठरेल. १९७७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर चित्रपटातील गीत-संगीताचा पहिला मालक व्यवहारात निर्माताच ठरू लागला. गीतकार आणि संगीतकार यांना एकरकमी मोबदल्यावर समाधान मानावे लागे. गाणे पन्नास वर्षे वाजत राहिले तरी पुढची मिळकत त्यांची नसे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, असा वाटा दिला की जो करारानेही सोडून देता येत नाही. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीचा हिरिरीने पुरस्कार केला. निर्माते आणि संगीत कंपन्या यांच्या संघटनांचा तिला विरोध होता. रस्त्यावरच्या सीडीविक्रेत्याविरुद्ध बोलताना 'कलावंताच्या पोटावर पाय' ही भाषा वापरणाऱ्यांना, कलावंताचा वाटा आपल्या खिशातून देण्याची वेळ आल्यावर करारस्वातंत्र्य आठवले.

२०२३ च्या पावसाळी अधिवेशनातील दोन कायदेही शेजारी ठेवून वाचावेत. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील दुरुस्तीने चाचेगिरीसाठी किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये ते निर्मितीच्या लेखापरीक्षित एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठरविला. त्याच अधिवेशनात 'जन विश्वास' कायद्याने ४२ कायद्यांतील १८३ तरतुदी गुन्हेगारीच्या कक्षेतून बाहेर काढल्या. उद्योगांना तुरुंगाच्या भीतीविना काम करता यावे, हा त्यामागील युक्तिवाद. कैदेच्या भयाने व्यवसाय गुदमरतो, हे तत्त्व मान्य असेल तर ते कारखानदाराप्रमाणेच छोट्या दुकानदारालाही लागू व्हावयास हवे. दोन्ही कायदे काही दिवसांच्या अंतराने संमत झाले. त्यांच्यातील या विसंगतीची पुरेशी चर्चा मात्र झाली नाही.

छायाप्रतीचे दुकान

चाचेगिरीने नुकसान होतच नाही, असा या विवेचनाचा अर्थ नव्हे. सर्वांत मोठे नुकसान बहुधा सर्वांत लहानांचेच होते. हजार-दीड हजारांची आवृत्ती काढणाऱ्या मराठी प्रकाशकाचे पुस्तक पदपथावर बनावट प्रतीत विकले गेले किंवा त्याची फाइल मोबाइलवरून फिरू लागली, तर त्याच्या पुढच्या पुस्तकाचे भांडवलच जाते. परंतु असा प्रकाशक पोलिसांकडे गेला तर त्याची तक्रार किती तत्परतेने घेतली जाते, हे सर्वज्ञात आहे. कडक कायद्याचा लाभ पाठपुरावा करण्याची ऐपत असलेल्यालाच मिळतो.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि तेथील एका छायाप्रतीच्या दुकानाविरुद्ध दावा दाखल केला. अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या प्रकरणांच्या छायाप्रतींचे संच विद्यार्थ्यांना विकणे, ही तक्रार होती. ज्यांच्या पुस्तकांचा दाव्यात उल्लेख होता अशा काही लेखकांनीच प्रकाशकांच्या भूमिकेला विरोध केला. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुनश्च सुनावणीसाठी पाठविले, तरी अध्यापनासाठीच्या अपवादाचा व्यापक अर्थ कायम ठेवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्णय दिला. कलम ६४ नुसार पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटाशिवाय प्रती आणि यंत्रसामग्री जप्त करू शकतो. या विषयावरील पोलिसांसाठीची मार्गदर्शक पुस्तिका केंद्र शासनाच्या बौद्धिक संपदा कक्षाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केली; ती तयार करण्यात फिक्की ही उद्योगसंघटना सहभागी होती. कलम ५२ मधील अध्यापनाचा अपवाद कोठवर जातो, हे ठरविण्यास दिल्ली उच्च न्यायालयाला चार वर्षे आणि दोन पीठे लागली. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरील दुकानात, प्राध्यापकाने नेमून दिलेल्या प्रकरणाच्या चाळीस छायाप्रती समोर असताना, तोच निर्णय आता एका उपनिरीक्षकाने जागेवरच घ्यावयाचा आहे.